ट्रिपचा कागद लपवणाऱ्या मुलीच्या आईला

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला अपघात झाला, तेव्हापासून काम मिळालं तर मिळालं नाहीतर ते घरीच. मी दोन ठिकाणी काम करते, तरी भाडं आणि कर्जाचा हप्ता यातच सगळं जातं. या काळात तीनदा घर बदललं, मुलांची शाळाही दोनदा बदलली. मुलगी दहा वर्षांची, ती काहीच मागत नाही. परवा तिच्या कंपासपेटीच्या तळाशी शाळेच्या ट्रिपचा कागद घडी करून ठेवलेला सापडला, विचारलं तर म्हणाली मलाच जायचं नव्हतं. वहीत एका ओळीत दोन ओळी लिहिते, वही लवकर संपू नये म्हणून. मुलगा पंधराचा, हातात पैसे आले की त्याच दिवशी उडवतो आणि आता म्हणतो शाळा सोडून मित्राबरोबर कामाला लागतो. मोबाइलवर वाचलं की गरीब मुलांचा मेंदूच कमी वाढतो, तेव्हापासून झोप उडालीय. माझी चिडचिड होते, साध्या गोष्टी विसरते, मुलांवर ओरडते. जाऊबाई म्हणतात मुलांना पैशांचं काही कळू द्यायचं नाही. आमच्यामुळे मुलांचं आयुष्य वाया गेलं का?"

प्रिय ताई,

नाही गेलं. हे तुमच्या समाधानासाठी म्हणत नाहीये, का म्हणतेय ते खाली लिहिते, पण तुमची झोप ज्याने उडालीय त्या मेंदूच्या बातमीपासून सुरू करू. तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक 2015 च्या एका अमेरिकन रिसर्चवरून आलेलं असणार, तीन ते वीस वयाच्या 1,099 मुलामुलींच्या मेंदूचे स्कॅन घेऊन घरच्या उत्पन्नाशी ताडून बघितले होते, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या मेंदूच्या वरच्या थराचं क्षेत्रफळ सरासरीने कमी दिसलं. सरासरीने, हा शब्द बातमीतून गळून पडतो. गरीब घरातली कितीतरी मुलं त्यात श्रीमंत घरातल्या मुलांच्या पुढे होती, आणि एका मुलाच्या घरचं उत्पन्न बघून त्याच्या मेंदूबद्दल काही सांगता येईल असं त्यात कुठेच नाही. शिवाय स्कॅन एकेकदाच घेतलेले, म्हणजे गरिबीमुळेच तसं झालं हेसुद्धा त्यावरून सिद्ध होत नाही. आणखी एक गोष्ट त्यात होती जी कोणी फॉरवर्ड करत नाही, ती म्हणजे अगदी कमी उत्पन्नाच्या घरांमध्ये उत्पन्नातला थोडासा फरकसुद्धा मोठ्या फरकाशी जोडलेला होता. म्हणजे तुमच्यासारख्या घरात थोडं जरी बरं झालं तरी मुलांना त्याचा उपयोग जास्त होण्याची शक्यता आहे, आणि हे वाचून खरं तर झोप यायला हवी.

दुसरा एक अभ्यास सांगते, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात 1993 पासून काही संशोधक मुलांच्या मानसिक आरोग्यावर नजर ठेवून होते, त्यात चेरोकी आदिवासी मुलंही होती. मध्येच तिथे त्या जमातीचा कॅसिनो, म्हणजे जुगारघर, सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येकाला मिळायला लागला, कोणी काही वेगळं केलं नाही, फक्त घरात पैसे आले. काही वर्षांनी बघितलं तर ज्यांची घरं गरिबीतून वर आली त्या मुलांचा भांडखोरपणा, नियम तोडणं, हे सगळं कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं कमी झालं होतं. मुलं तीच, आईबाप तेच! आणि संशोधकांनी कारण शोधलं तर मुख्य गोष्ट ही निघाली की आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळायला लागला. मुलांची चिंता आणि उदासी मात्र तेवढी कमी झाली नाही, तेही सांगायला हवं. म्हणून मी म्हणते की तुमच्या घरात चुकतंय ते तुमच्या स्वभावात नाहीये, तुमच्यावर जे लादलं गेलंय त्यात आहे.

तुमच्या विसरण्याचं आणि ओरडण्याचंही तेच. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये आला होता, ऊस निघायच्या आधी हात रिकामे असताना आणि ऊस विकून पैसे आल्यावर अशा दोन वेळा त्याच माणसांना त्याच प्रकारची कोडी दिली, तर आधीच्या वेळी ती चक्क कमी सुटली. डोक्यात सतत हप्ता, भाडं, कोणाला काय सांगायचं हे चालू असेल तर बाकीच्या गोष्टींना जागा उरत नाही. तेव्हा तुम्ही "मी वाईट आई आहे" हे वाक्य आजपासून बंद करा, खरंच बंद करा, कारण त्या वाक्याने तुमची उरलीसुरली ताकद जाते आणि ती मुलांसाठी लागणार आहे.

आता मुलीकडे येते, कारण पत्रात तुम्ही जास्त मुलाबद्दल घाबरलेल्या दिसताय आणि मला जास्त काळजी मुलीची वाटतेय.

अशा मुलीला सगळे काय म्हणतात माहीत आहे ना, किती समजूतदार आहे हो, काही मागत नाही, कधी हट्ट नाही. नातेवाईक कौतुक करतात, बाई कौतुक करतात, आपणही मनातून सुखावतो की चला एकाची तरी काळजी नाही. पण दहा वर्षांच्या मुलीने कागद वाचला, रक्कम बघितली, आईचं तोंड आठवलं, मनातल्या मनात हिशेब केला आणि कागद घडी करून कंपासच्या खाली सरकवला, आणि वर विचारलं तर पटकन खोटं बोलून तुम्हालाच वाचवलं. हा निर्णय तिचा नव्हताच, तो तुमचा आणि तिच्या बाबांचा होता. तिने तो तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही.

आणि जी मुलगी ट्रिपचा कागद लपवते ती दुखणारी दाढही लपवते. फळ्यावरचं दिसत नाही हे लपवते, वर्गात कोणी त्रास देत असेल तर ते लपवते, कारण या सगळ्याला पैसे किंवा आईचा वेळ लागतो आणि तिला दोन्ही वाचवायचे आहेत. कृपा करून या आठवड्यात तिला थोडं लांबून काहीतरी वाचायला लावा आणि डोळे बारीक करते का बघा. मी हे उगीच म्हणत नाहीये, चीनच्या गान्सू आणि शान्शी या दोन प्रांतांतल्या शाळांमध्ये ज्यांना चष्म्याची गरज होती त्या मुलांना फुकट चष्मे दिले तर गणिताचे मार्क वाढले, हे 2014 मध्ये छापून आलं आणि गरज असलेल्या बहुतेक मुलांकडे आधी चष्मा नव्हताच. अशा मुलाला वर्षानुवर्षं सगळे मठ्ठ समजत राहतात. गरिबीने भविष्य बिघडतं ते बरेचदा असं, मोठ्या नाट्यमय गोष्टीने नाही, तर वेळेवर न झालेल्या एका छोट्या तपासणीने, न भरलेल्या एका फॉर्मने, शाळा बदलताना मध्येच सुटलेल्या अपूर्णांकाच्या धड्याने, जो पुढे कोणी परत शिकवत नाही आणि मग आठवीत सगळे म्हणतात हिला गणित जमत नाही. तुमच्या मुलांची दोनदा शाळा बदललीय, तेव्हा कुठला धडा मध्येच सुटला ते तिच्या बाईंना नक्की विचारा.

जाऊबाईंचं मला पटत नाही. मुलांना कळू द्यायचं नाही म्हणे, अहो तिला सगळं कळलंय! फक्त अर्धवट कळलंय, आणि अर्धवट कळलेलं जास्त घाबरवतं, कारण उरलेलं मूल स्वतः रचतं. रात्री कुजबुज ऐकून तिला वाटत असेल की आपल्याला घराबाहेर काढणार, किंवा बाबा परत कधीच बरे होणार नाहीत, किंवा आपण नसतो तर आईला एवढा त्रास नसता. हे शेवटचं मुलांच्या मनात खूप सहज येतं आणि ती कधीच बोलून दाखवत नाहीत.

तिला जवळ बसवून सांगा. कर्जाची रक्कम नको, सावकाराचं नाव नको, कोण काय बोललं ते तर नकोच. एवढंच, की "आपल्याकडे सध्या पैसे कमी आहेत, हे तुझ्यामुळे नाही. राहायला घर आहे, जेवण आहे, शाळा चालू राहणार आहे. शाळेचा कुठलाही कागद आला की मला दाखवायचा. पैसे आहेत की नाहीत ते बघणं माझं आणि बाबांचं काम, तुझं नाही. मी कधी हो म्हणेन, कधी नाही म्हणेन, पण तू सांगायचं." यातलं "तुझं काम नाही" हे वाक्य दोनतीनदा म्हणा, एकदा सांगून ते आत जात नाही, तीन वर्षांची सवय आहे तिची. आणि पुढच्या वेळी तिने काही मागितलं आणि तुम्हाला नाही म्हणावं लागलं तरी मागितल्याबद्दल तिला शाबासकी द्या. वही मात्र नवीन आणून द्या, दोन ओळींच्या मध्ये एक ओळ सोडून लिही म्हणून सांगा, कसंही करून ही एक गोष्ट करा.

ट्रिपसाठी तिच्या हातून चिठ्ठी पाठवू नका, तुम्ही स्वतः किंवा तिचे बाबा जाऊन वर्गशिक्षिकेला भेटा आणि सरळ विचारा, पैसे एकदम भरता येणार नाहीत, थोडे थोडे चालतील का, काही सवलत असते का. लाज वाटेल, मला माहीत आहे, पण विचारायचं. बऱ्याच शाळांत यासाठी काहीतरी सोय असते आणि ती विचारणाऱ्यालाच मिळते. ट्रिप ही चैन आहे असं समजू नका. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 7 कोटींहून जास्त लोकांच्या फेसबुकवरच्या मैत्रीचा अभ्यास झाला होता, आणि गरीब घरातली मुलं मोठी झाल्यावर किती वर येतात याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट ही निघाली की त्या भागात गरीब आणि बऱ्या परिस्थितीतल्या लोकांची आपसात मैत्री किती आहे. आणि मैत्री होते कुठे, तर डबा खाताना, खेळताना, बसमध्ये शेजारी बसून. प्रत्येक ट्रिपला, प्रत्येक वाढदिवसाला "मला जायचंच नव्हतं" म्हणणारी मुलगी हळूहळू कोणाच्या हिशेबातच राहत नाही. नाहीच जमलं ट्रिपचं तर नाही जमलं, पण मग त्या दिवशी तिच्याबरोबर काहीतरी ठरवा आणि ठरवलेलं करा.

ठरवलेलं करा, याच्यावर थोडं थांबते कारण तुमच्या मुलाचं पैसे उडवणंही याच्याशीच जोडलेलं आहे असं मला वाटतं. लहान मुलांपुढे एक मार्शमेलो (मऊ, गोड खाऊ) ठेवायचा आणि म्हणायचं की थांबलास तर दोन देईन, हा प्रयोग तुम्ही ऐकला असेल, जो थांबतो तो पुढे यशस्वी होतो वगैरे. अमेरिकेतच 2013 मध्ये काही संशोधकांनी त्यात एक बदल केला. आधी मुलांना चित्र काढायला बसवून सांगितलं की थांब, तुझ्यासाठी छान छान रंग आणते, आणि अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिले, उरलेल्यांना सांगितलं सॉरी, नाहीयेत. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं गेलं ती 3 मिनिटं. फसवलेली मुलं काही जन्मतः उतावळी नव्हती, त्यांनी अनुभवावरून ओळखलं की इथे थांबून काही मिळत नाही.

आता तुमच्या मुलाच्या जागी बसून बघा. बाराव्या वर्षी घर बदललं, मग परत बदललं, सायकल घेऊ म्हणालात ती राहिली, क्लास लावू म्हणालात तो राहिला (हे माझे अंदाज आहेत, पण असंच काहीतरी असणार). कदाचित त्याने साठवलेले पैसे कधीतरी घरात लागले म्हणून तुम्ही घेतलेही असतील. मग त्याने का साठवायचं, आज खर्च केले ते तरी आपले. त्याला शिस्त नाही असं म्हणण्याआधी त्याच्या घरात भरवशाच्या दोनतीन गोष्टी तयार करा, अगदी छोट्या, बिनपैशांच्या चालतील. रविवारी संध्याकाळी तासभर मी तुझ्याबरोबर, मोबाइल बाजूला, म्हणजे बाजूला. आणि "बघू" हा शब्द घरातून काढून टाका, जमणार असेल तर कधी ते सांगा, जमणार नसेल तर आजच नाही म्हणा. नाही ऐकून मूल रडतं आणि विसरतं, पण सारखं "बघू" ऐकून ते तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडतं. त्याने साठवलेल्या पैशांना कितीही अडचण आली तरी हात लावायचा नाही, लावला तर तारीख सांगून परत करायचे.

शाळा सोडण्याबद्दल. शिकलास तर पुढे जास्त कमावशील हे लेक्चर तुम्ही दिलंच असेल, आणि ते खोटं नाहीये. पण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीतल्या मुलांना एका अर्थशास्त्रज्ञाने हेच सांगून बघितलं, शिकलेल्यांना खरंच किती जास्त पगार मिळतो त्याचे आकडे दाखवले, आणि मुलं जास्त वर्षं शाळेत टिकली, पण तो परिणाम थोड्या बऱ्या घरांतल्या मुलांवर झाला, सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांवर जवळजवळ नाहीच. त्यांना पटलं नव्हतं असं नाही, घरात भागत नव्हतं. तुमचा मुलगाही मूर्खपणाने बोलत नाहीये, तो रोज बघतो आई दोन ठिकाणी राबते आणि आपण पंधरा वर्षांचा घोडा फुकट खातो. मला तरी त्याच्या बोलण्यात आळस दिसत नाही, लाज दिसते. त्याच्या लाजेला उत्तर द्या, म्हणा तू घराला हातभार लावतोयस ते मला दिसतं, आणि खरंच काहीतरी जबाबदारी द्या जी मोठ्या माणसाची आहे, बिलं भरणं, बाबांना दवाखान्यात नेणं, सरकारी योजनेचा किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म शोधून भरणं. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहितेय, फी माफी आणि स्कॉलरशिपच्या तारखा निघून जातात कारण घरात कोणाला वेळ नसतो, आणि हे काम पंधरा वर्षांचा मुलगा तुमच्या माझ्यापेक्षा चांगलं करेल. सुट्टीत, ठरलेल्या तासांपुरतं काम करायचं म्हणाला तर मी एकदम नाही म्हणणार नाही, पण शाळा सोडून नाही, कारण पंधराव्या वर्षी सुटलेली शाळा परत धरणं फार कठीण जातं, आत्ताची मजुरी मात्र विसाव्या वर्षीही तेवढीच मिळते.

आणि त्याच्यासाठी घराबाहेरचं एक माणूस शोधा. हवाईमधल्या कावाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 बाळांचा संशोधकांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. त्यातल्या ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं असं बरंच काही एकदम आलं होतं त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली, सक्षम माणसं झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे कोणीतरी एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी ठामपणे होतं, आजी, शिक्षक, शेजारी, कोणीही. बाकीच्या मुलांपैकी जी किशोरवयात बिघडली होती त्यांच्यातलीही बरीच जण चाळिशीपर्यंत सावरली, कोणी परत शिकून, कोणी चांगली नोकरी मिळवून, कोणी चांगल्या जोडीदारामुळे. म्हणून म्हणाले की वाया गेलेलं नाही, पंधराव्या वर्षी तर नाहीच नाही. पण हेही विसरू नका की दोन तृतीयांश मुलांना त्रास झालाच, तेव्हा गरिबीने माणूस घडतो वगैरे जे बोलतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. गरिबीने घडत नाही, कोणीतरी हात धरलेला असतो म्हणून निभावतं.

राहता राहिले तुमचे यजमान, त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय. अमेरिकेत आयोवामध्ये 1980 च्या दशकात शेती बुडाली तेव्हा तिथल्या शेकडो कुटुंबांचा अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की पैशांची ओढाताण मुलांपर्यंत पोहोचते ती मुख्यतः आईबापांच्या उदासीतून आणि आपसातल्या भांडणांतून. म्हणजे पैसे लगेच येणार नसले तरी ही मधली साखळी तोडणं थोडंफार हातात आहे. पैशांचं भांडण मुलं झोपल्यावरही खोलीत करू नका, एकाच खोलीत मुलं झोपलेली नसतात, जागीच पडलेली असतात. काम नसलेला बाप घरात स्वतःला बिनकामाचा समजायला लागतो, त्यांना सांगा मुलीचा अभ्यास आजपासून तुमच्याकडे, आणि शाळेत बाईंना भेटायला तेच जाऊ देत. ते आठवडाभर कोणाशीच बोलत नसतील, नुसते पडून राहत असतील तर पुढच्या वेळी दवाखान्यात अपघाताच्या दुखण्याबरोबर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मुलाचा मित्र कुठल्या कामाला बोलावतोय ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते मला कळवा. मशीनचं, उंचावरचं, केमिकलचं किंवा रात्रीचं काम असेल तर सुट्टीतही नको, तासाभरासाठीही नको, अठराच्या आतल्या मुलांना धोक्याचं काम द्यायचं नाही हा आंतरराष्ट्रीय करार जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मान्य केलेला आहे आणि तो मालकाला सांगायला घाबरू नका. दुसरं काही असेल तर किती तास, कोणाच्या हाताखाली आणि पैसे कोणाच्या हातात देणार, एवढं विचारून घ्या आणि मग लिहा.